गाभ्याची चटई

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला इस्त्रीवाल्या मावशी म्हणत आणि वस्तीत चटईमावशी. सकाळी सात ते दुपारी तीन ती लांबलचक टेबलापाशी उभी राहून चादरींना इस्त्री करायची, आणि वस्तीत कोणी गेलं की त्याची चटई विणायची. पहिलं काम पोटासाठी होतं. दुसऱ्याचा एक पैसा तिने कधी घेतला नाही, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही ती मात्र या दुसऱ्याच कामात.

धुलाईखान्यात बसायची सोय नव्हती. स्टुलं तीन होती, पण ती मुकादमबाईंच्या खोलीत, आणि त्यांच्यावर फायली बसलेल्या असत. एकतीस वर्षं मावशी त्या टेबलापाशी उभी राहिली. पोटऱ्यांवर जांभळ्या शिरा उठल्या, टाचांना रुपया उभा राहील एवढ्या भेगा पडल्या. नवीन लागलेली एखादी पोरगी दुपारपर्यंत "माझे पाय गेले" म्हणून कण्हायला लागली की ही म्हणायची, "अगं, पाय कुठे जात नाहीत. आपणच जातो एक दिवस, तेव्हा आडवं व्हायचंच आहे. तोवर राहा उभी."

या आडवं होण्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वस्तीतली माणसं म्हणजे ताडाची माणसं. शहरातले लोक त्यांना असं म्हणत, कधी नुसतं सांगायला, कधी नाक मुरडून. पण ती स्वतःही स्वतःला तेच म्हणत, त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांची पंचाईत व्हायची. शहर यायच्या कितीतरी आधीपासून ती इथे होती. मग शहर आलं, त्यांच्या घरांच्या जागी गोदामं आली, आणि त्यांना चार मजली इमारतींमध्ये दोन-दोन खोल्या मिळाल्या. इमारतींच्या मागे, बस डेपोच्या भिंतीपलीकडे, त्यांची ताडांची राई तेवढी राहिली. तिथली जमीन खारट आणि दलदलीची, गोदामाचा पाया धरत नव्हती. वरच्यांनी दया दाखवली असं कोणी म्हणालं तर मावशी सांगायची, "दया चिखलाने दाखवली."

मूल जन्मलं की त्याची नाळ त्या राईत पुरायची आणि वर ताडाचं बी लावायचं. ते त्याचं झाड. नाळ एकच, म्हणून झाडही एकच. पहिली दहा-बारा वर्षं ताड नुसता जमिनीवर पानं पसरून बसतो, तोवर पोर ताडमाड वाढतं. मग झाडाला खोड सुटतं आणि ते माणसाला मागे टाकून वर जातं. खालची जून पानं काढायला कोणाची ना नसते, त्यांचे पंखे होतात, टोपल्या होतात. पण शेंड्याला, अगदी आत, न उमललेली पानं एकात एक घट्ट बसलेली असतात. पांढरी, ओलसर, उन्हाचं तोंड न पाहिलेली. तो गाभा. ताडाला वाढायची जागा तेवढी एकच. गाभा काढला की झाड मरतं, वर्षभर उभ्या उभ्या सुकत जाऊन मरतं.

म्हणून जित्या माणसाच्या गाभ्याला कोणी हात लावत नाही. माणूस गेला की त्याच दिवशी चढ्या कोयता घेऊन वर चढतो, गाभा काढून आणतो. त्या पांढऱ्या पानांची चटई विणून तिच्यात माणसाला गुंडाळायचं आणि माती द्यायची. माणूस आणि झाड बरोबर निघतात. पलीकडे आधीची सगळी बसलेली असतात. तिथे जाऊन माणूस आपली चटई अंथरतो. चटई बघून त्याला ओळखतात, "ये, बस," म्हणतात. ज्याच्याजवळ चटई नाही त्याला कोणी ओळखत नाही. तो उभाच राहतो.

ज्यांना हे खुळचट वाटेल त्यांनी आपला जन्मदाखला कुठे ठेवलाय ते आठवून बघावं. ताडाच्या माणसाला त्याचा दाखला खिडकीतून दिसतो.

मावशीला हे काम सासूकडून आलं. पानं चिरायची कशी, ओल राखायची कशी, कोपऱ्यात त्या माणसाची खूण विणायची कशी. आणि एक नियम. तोंड बघितल्याशिवाय गाभा नाही. निरोप आला, चिठ्ठी आली, दहा जणांनी शपथा घेतल्या, तरी नाही. एकदा एक नवरा चार दिवस बेपत्ता झाला. बायकोने छाती पिटून पिटून वस्ती गोळा केली, बुडाला म्हणाली, गाभा काढा म्हणाली. मावशी जागची हलली नाही. पाचव्या दिवशी नवरा नवे बूट घालून परत आला. कुठून आला ते सगळ्यांना कळलं, आणि मग त्याच बायकोने मावशीशी वर्षभर अबोला धरला, की तेव्हाच काढला असता गाभा तर बरं झालं असतं. मावशी ही गोष्ट धुलाईखान्यात सांगायची तेव्हा मुकादमबाईसुद्धा फाइल बाजूला ठेवत.

मावशीचा नवरा लवकर गेला. त्याची चटई तिनेच विणली, आणि नऊ वर्षांच्या मुलाला पानं हातात द्यायला समोर बसवलं. मुलाला सगळे खारू म्हणत. खारीसारखा सरसर चढायचा म्हणून. त्याचा काका, म्हणजे मावशीचा धाकटा दीर, वस्तीचा चढ्या होता. खारूने पुढे ते काम घ्यावं असं त्याच्या मनात होतं. पण पोराला बंदराचं वेड. विसाव्या वर्षी तो दूरच्या एका बंदरात माल उतरवायच्या कामाला लागला. फोन केला की पहिला प्रश्न, "आई, झाड बरं आहे ना?"

"आधी मला विचारावं माणसाने."

"तू बरी नसलीस तर सांगशील. झाड कुठे सांगतंय?"

मावशी रागवायची आणि दुसऱ्या दिवशी झाडाला बघून यायची.

खारू सव्वीस वर्षांचा असताना बंदरातल्या मालाच्या शेडला आग लागली. दोन दिवसांनी एक माणूस कागद घेऊन वस्तीत आला. मागे गाडीत खिळे ठोकून बंद केलेली पेटी. अंगावर कोट याचा, कोटाच्या खिशात बिल्ला याचा, असं त्याने वाचून दाखवलं. मग कागद घडी करून म्हणाला, "उघडू नका. बघण्यासारखं राहिलेलं नाही."

पेटी राईच्या तोंडाशी ठेवली. दीर कोयता कमरेला लावून उभा होता, पण झाडाकडे जाईना.

"वहिनी, तोंड बघायचं राहिलंय."

"नको, भाऊजी."

"तुम्ही लांब थांबा. मी बघतो एकटा."

"तुम्ही बघितलंत तरी तुमच्या डोळ्यांत मला दिसेल ते. जन्मभर दिसेल. राहू द्या."

"वहिनी, नियम तुमचाच आहे."

"माझ्याने होत नाही, भाऊजी. चढा तुम्ही."

तो चढला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं पुढे मावशी स्वतःलाच ऐकवायची. पण त्या दिवशी तिला कोणी बोललं नाही. आईने पेटी उघडायला नको म्हटलं तर कोण उघडणार होतं?

तिने त्या दुपारी आपल्या खोलीत, फरशीवर बसून चटई विणली. तीस वर्षांतली तिची सगळ्यात सुबक चटई. इतकी घट्ट, की उजेडाला धरली तर एक ठिपका दिसला नसता. कोपऱ्यात खारीच्या पाठीसारखे तीन पट्टे विणले. पेटीभोवती चटई गुंडाळून, दिवस मावळायच्या आत माती दिली. आठव्या दिवशी ती कामावर गेली. मुकादमबाईंनी स्वतःच्या हाताने एका स्टुलावरच्या फायली काढून स्टूल टेबलापाशी आणून ठेवलं. मावशी त्यावर बसली नाही, पण परतही पाठवलं नाही.

बावन्नाव्या दिवशी, चादरींचा दुसरा गठ्ठा चालू असताना, धुलाईखान्याच्या दारातून कोणीतरी "आई" म्हणालं.

मावशीने मान वर केली. दारात खारू उभा होता. भुवया जळालेल्या, एक हात कोपरापर्यंत पट्टीत, अंगावर कोणाचा तरी ढगळ सदरा. मावशी बघत राहिली. इस्त्री होती तिथेच चादरीवर राहिली. वास सुटला, धूर आला, कोणीतरी ओरडलं, मुकादमबाईंनी धावत येऊन इस्त्री उचलली. चादरीवर इस्त्रीचा काळा ठसा. एकतीस वर्षांच्या नोकरीत मावशीच्या हातून जळालेली ती एकच चादर.

"गाभा काढला रे तुझा," मावशी म्हणाली. मुलाला बघितल्यावर तिच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य हे.

"काढू दे की. मी आहे ना," खारू हसला, आणि मग ती जी रडायला लागली ती कामाची पाळी संपेपर्यंत थांबली नाही.

झालं होतं ते साधं होतं. सोबतचा एक जण गारठला होता, म्हणून खारूने आपला कोट काढून त्याला घातला. बिल्ला खिशात तसाच राहिला. अर्ध्या तासाने आग लागली. खारूच्या डोक्यावर तुळई पडली. कोण, कुठला, काही न सांगता तो महिनाभर एका दवाखान्यात पडून होता. शुद्धीवर येऊन बंदराच्या कचेरीत नाव सांगितलं तेव्हा टेबलामागच्या माणसाने वही बघून सांगितलं, की या नावाचा माणूस वारला. कागदावर एकदा मेलं की परत जिवंत व्हायला फार सह्या लागतात.

आनंद झाला नाही असं कोणी समजू नये. वस्तीत चार दिवस कोणाच्या घरी स्वस्थ बसणं नव्हतं. मावशी त्याला जेवताना बघायची, झोपलेला बघायची, येता-जाता उगाच हात लावायची. तिच्या जिवात जीव आला होता. पण सकाळी खिडकी उघडली की समोर ते झाड. शेंडा बसका, पानं पिवळी. एकेक पान सुकून डेपोच्या पत्र्यावर पडायचं आणि त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. खारू आपला थट्टा करायचा. "मी भूत आहे. भुताला बसमध्ये तिकीट पडत नाही." मावशी हसायची. एका दुपारी ती लवकर घरी आली आणि खिडकीतून तिला तो दिसला. झाडापाशी एकटाच होता. खोकणाऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा खोडावरून हात फिरवत होता. मग त्याने कपाळ खोडाला टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मावशी खिडकीपासून मागे सरली. त्यानंतर तो थट्टा करायचा ती आपल्यासाठी, हे तिला कळून चुकलं.

तिसऱ्या महिन्यात एक बाई आली. ताडाची नव्हे, लांबच्या गावची. कोट घातलेला मुलगा तिचा होता. मावशीने तिला राईत नेलं, जागा दाखवली. बाई खाली बसली.

"त्याच्याबरोबर काय ठेवलंत?" तिने विचारलं.

"चटई. आमच्यात असते."

"तुम्ही विणलीत?"

"हो."

"चांगली होती?"

"याहून चांगली मला कधी जमली नाही, ताई."

बाईने मातीवरचा पाचोळा हाताने बाजूला केला. "तुम्हाला ती परत हवी असेल. तुमच्या मुलाची आहे. मला सांगितलं वाटेत, तुमच्याकडे कसं असतं ते."

मावशीच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. रात्रंदिवस तेच होतं. पण ती म्हणाली, "तुमच्या मुलाला गारठा फार लागायचा ना?"

"लहानपणापासून."

"मग राहू द्या त्याच्याजवळ."

दोघी बायका तिथेच बसून रडल्या. बाई गेल्यावर मावशी दिराला म्हणाली, "पेटी उघडली असती तर त्या माउलीने आपल्या मुलाचं तोंड तरी बघितलं असतं. माझ्या पोराचं झाड गेलं, तिचं तेवढंही गेलं. दोन घरं बुडवली मी, भाऊजी." 

खारू परत बंदराला गेला नाही. डेपोत बस धुवायच्या कामाला लागला, पुढे बस चालवायला लागला. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं. ताडाच्या माणसांत लग्नाला दोघांच्या झाडांचं एकेक पान एकमेकांत गुंफतात. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी विचारलं, पान कुठल्या झाडाचं आणणार? कोणी वाईटवाकडं बोललं नाही. चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि गेले. "सुटलो," खारू म्हणाला. खोडसुद्धा तोवर पडलं होतं.

नऊ वर्षं गेली. मावशीच्या पायांना सूज राहायला लागली, दोन जिने चढले की धाप लागायची. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. पाच चादरी ओळीने चांगल्या निघाल्या नाहीत तेव्हा तिने स्वतःच काम सोडलं. त्या वर्षी तिने दिराच्या मुलीला समोर बसवून विणायला शिकवलं. पोरीचा हात चांगला होता, फक्त कडा सैल सोडायची. मावशी ती चारचारदा उसवायला लावायची.

मग एका सकाळी तिने दिराला बोलावलं.

"भाऊजी, मी गेले की माझ्या झाडावर चढायचं नाही."

दीर हसला. त्याला वाटलं, म्हातारी वहिनी थट्टा करतेय.

"माझं झाड खारूला द्यायचं. त्याची वेळ येईल तेव्हा त्याचा गाभा काढा. चटई तुमची पोरगी विणेल."

"असं कसं चालेल? नाळ तुमची आहे त्याच्याखाली."

"आणि खारूच्या नाळेचं दुसरं टोक कुठे होतं? बाजारात?"

  या प्रश्नाचं उत्तर पुढे वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही सापडलं नाही. दीर म्हणाला, "वहिनी, अख्ख्या वस्तीच्या चटया तुम्ही विणल्या. तिकडची निम्मी माणसं तुमच्या हातच्या चटईवर बसलीत. आणि तुम्हीच रिकाम्या हाताने जाणार? दादा तिथे असेल. तो ओळखणार नाही तुम्हाला."

"नाही ओळखणार," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मला ठाऊक आहे, भाऊजी. ते परत नका बोलू."

खारूला हे काकाकडून कळलं. तो पाळी टाकून, बसच्या गणवेशातच वर आला. मावशी खाटेवर उशीला टेकून बसली होती.

"मला नको तुझं झाड."

"तुला विचारलंय कोणी?"

"आई, माझा विश्वासच नाही या सगळ्यावर. मेल्यावर काही नसतं. तू तुझी चटई घेऊन जा."

"मग झाडापाशी उभा राहून रडत होतास तो कोण होता?"

खारू खाटेच्या कडेला बसला. खाली मान घालून गणवेशाचं बटण फिरवत राहिला.

"चूक माझी आहे," मावशी म्हणाली. "पेटी मी उघडू दिली नाही. तू काही बोलला नाहीस कधी, पण मला माहीत आहे. नऊ वर्षं मी रोज ती पेटी उघडतेय."

"तू जाऊन काय करणार तिथे? उभी राहणार?"

"राहीन. तू येशील तेव्हा माझी चटई तुझ्याजवळ असेल. ती अंथर. मग आपण दोघं बसू. मी काही फार जागा घेत नाही."

खारूने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पस्तिशीचा बाप्या हुंदके देऊन रडायला लागला. मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, सुरकुतलेल्या चादरीवरून फिरवायची तसा, कपाळापासून मागे.

"पण घाई करायची नाही," ती म्हणाली. "सावकाश ये. मला उभं राहायची सवय आहे."

ती गेली त्या दिवशी दीर सवयीने कोयता कमरेला लावून राईत आला होता. मावशीच्या झाडाखाली थोडा वेळ थांबला, वर बघितलं, आणि कोयता काढून खारूच्या हातात दिला. धुलाईखान्यातून बायका आल्या होत्या. त्यांनी एक नवी चादर आणली होती, इतकी कडक इस्त्री केलेली की घडी उघडताना आवाज झाला. मुकादमबाई म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून केलीय, प्रत्येकीने एकेक हात फिरवलाय. त्या चादरीत मावशीला गुंडाळून माती दिली. चटईशिवाय माती दिलेलं वस्तीतलं ते पहिलं माणूस.

खारू अजून बस चालवतो. मावशीचं झाड आता डेपोच्या छपरापेक्षा बरंच वर गेलंय आणि तो रोज कामावर निघताना त्याच्याकडे बघतो. मागच्या महिन्यात त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. तो काकूच्या पाया पडला, तेव्हा तिने जसा सगळे देतात तसा आशीर्वाद दिला, शंभर वर्षांचा हो म्हणाली.

"नको काकू," खारू म्हणाला. "इतकी नको. आई उभी आहे."